धाव, उचल, परत धाव!

जिममध्ये वजनं उचलणारे एका ग्रुपात, पहाटे पळणारे दुसऱ्या ग्रुपात. एकमेकांना नाकं मुरडणाऱ्या या दोन जमातींना एकाच मैदानात उतरवणाऱ्या हायब्रिड स्पर्धांचं वेड आता आपल्याकडेही पोचलंय. पनवेलच्या वडाळे तलावापासून गोरेगावच्या एक्झिबिशन हॉलपर्यंतचा हा घामाघूम प्रवास...

जुलै २०२४. रात्रीचे अडीच. बाहेर पनवेलचा टिपिकल धो धो पाऊस. बाबांना अचानक चक्कर आली, अंगाला दरदरून घाम. ॲम्ब्युलन्स गेटवर येऊन उभी राहिली, पण पावसामुळे आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद! आम्ही चौथ्या मजल्यावर. भावाने प्लॅस्टिकची खुर्ची आणली, बाबांना तिच्यात बसवलं आणि दोघांनी दोन बाजूंनी उचललं.

आता मी काही नाजूक-साजूक मुलगी नाही. तीन वर्षं जिमला जात होते. नव्वद किलोची डेडलिफ्ट करायचे आणि ऑफिसात त्याचा पुरेसा भावही खायचे. बाबा अडुसष्ट किलोंचे, त्यातले निम्मे माझ्या वाट्याला. किस झाड की पत्ती!

दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर मी खुर्ची खाली ठेवली. हात दुखत नव्हते, पकडही सुटली नव्हती. श्वासच पुरत नव्हता. छाती धडधडतेय, डोळ्यांसमोर काजवे चमकतायत, आणि बाबा अर्धवट डोळे उघडून म्हणतायत, "मी चालतो गं, राहू दे."

शरीरातलं सोडियम कमी झालं होतं. तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले, चौथ्या दिवशी चहात साखर कमी पडली म्हणून कटकट करायला लागले. सगळं ठीक झालं. पण ते लँडिंग काही माझ्या डोक्यातून जाईना. एवढी ताकद कमावली, ती दीड मिनिटात संपली कशी?

अडचण बसायच्या जागेची

उत्तर शोधायला लांब जायची गरज नव्हती. पनवेल हे हार्बर लाइनचं सुरुवातीचं स्टेशन. त्यामुळे आम्हा पनवेलकरांना सकाळी बसायला जागा मिळते आणि आम्ही ते मोठ्या अभिमानाने सांगतो. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर बसायचं, ऑफिसात आठ-नऊ तास बसायचं, परत तेवढाच वेळ बसत यायचं. मग जिममध्ये जाऊन एक सेट मारायचा आणि तीन मिनिटं बेंचवर... बसायचं! पळणं? छे! जिममधल्या जाणकारांचा ठाम फंडा होता, "पळलीस की मसल गेले."

जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. मे महिन्यात मुंबईत हायरॉक्स नावाची स्पर्धा येतेय, भारतात पहिल्यांदाच. खाली तिने लिहिलं होतं, "तुझ्यासारख्या वेड्यांसाठी." मी रात्री बारा वाजता एंट्री भरून टाकली. एंट्री फी काही हजारांत होती, म्हणजे आता मागे फिरायची सोय नाही.

आहे काय ही भानगड?

हायरॉक्स म्हणजे हायब्रिड आणि रॉकस्टार या दोन शब्दांची खिचडी. २०१७ मध्ये जर्मनीत ख्रिस्तियन टोट्झके आणि मोरित्झ फ्युर्स्टे या दोघांनी ही कल्पना काढली. हॉकीवेड्यांना फ्युर्स्टे आठवत असेल. २००८ आणि २०१२ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मन संघातला हा खेळाडू आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांचीकडूनही खेळून गेलाय.

फॉरमॅट सरळ आहे. एक किलोमीटर पळायचं, मग एक व्यायाम. परत एक किलोमीटर, परत दुसरा व्यायाम. असं आठ वेळा. म्हणजे आठ किलोमीटर पळणं आणि आठ 'स्टेशन्स'. आधी १००० मीटर स्कीअर्ग, म्हणजे उभ्याने दोऱ्या खाली खेचायचं मशीन. मग वजनदार घसरगाडी ५० मीटर ढकलायची, तीच दोरीने ५० मीटर ओढायची. मग बर्पी मारत उड्या घेत ८० मीटर. १००० मीटर रोइंग मशीन. दोन हातांत दोन वजनं घेऊन २०० मीटर चालायचं, याला 'फार्मर्स कॅरी' म्हणतात. खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर गुडघे टेकवत लंजेस. आणि शेवटी जीव नकोसा झाला की १०० वॉल बॉल्स, म्हणजे बसून उठायचं आणि चेंडू भिंतीवरच्या उंच खुणेवर मारायचा.

मुलींच्या ओपन गटात ढकलायची गाडी १०२ किलो, ओढायची ७८. हातातली वजनं १६-१६ किलो, वाळूची पिशवी १० आणि चेंडू ४ किलो. मुलांना अनुक्रमे १५२, १०३, २४-२४, २० आणि ६ किलो. जगात कुठेही जा, अंतरं हीच आणि क्रमही हाच. क्रॉसफिटच्या स्पर्धेत आज काय करायला लावतील याचा भरवसा नसतो, इथे पेपर आधीच फुटलेला असतो! त्यामुळे पनवेलची मी आणि बर्लिनची कुणीतरी, आमच्या वेळा थेट शेजारी ठेवून बघता येतात.

कागदावर यातलं एकही वजन मला जड नव्हतं. ग्यानबाची मेख त्या पळण्यात होती.

"ताई, पगार उडवताय!"

जानेवारीअखेरीस पहाटे साडेपाचला मी वडाळे तलावावर हजर झाले. अंधार, थोडी थंडी, वॉक घेणारे आजोबा, हास्यक्लबवाले काका. पहिल्याच दिवशी घड्याळात ६०० मीटर झाले आणि मी कठड्याला टेकले. शेजारून एक मुलगी पाण्यावरून घसरावं तशी निघून गेली. एक चक्कर मारून परत आली, तेव्हाही मी तिथेच.

"ताई, तुम्ही पगार झाल्या दिवशीच सगळा उडवताय," ती म्हणाली. "महिना काढायचाय ना?"

तिचं वय बावीस. गाव प्रबळगडाच्या बाजूचं, पनवेलमध्ये मावशीकडे राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० मार्कांची असते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर. ग्राउंड निघालं, तर पुढे १०० मार्कांची लेखी. मी बघतच राहिले. लांब पळा, जोरात पळा आणि वजनदार गोळा फेका, एकाच दिवशी! आम्ही ज्याला परदेशी नाव देऊन हजारो रुपये मोजतोय, ते या पोरी कधीपासून करतायत. नोकरीसाठी.

तिचं ८०० मीटर झक्कास होतं. अडत होतं गोळ्यापाशी. सहा मीटरच्या पुढे फेकायचं टार्गेट, पण गोळा साडेचारच्या आसपास पडायचा. आणि माझं अगदी उलटं. मग आमचा सौदा ठरला. ती मला पळायला शिकवणार, मी तिला ताकद कमवायला.

तिचा पहिला नियम होता, बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. "घरचं सगळं सांगत पळा ताई. सांगता आलं नाही की वेग कमी करा." मी अक्षरशः ऑफिसातली सगळी गॉसिप तिला ऐकवली. तिसऱ्या आठवड्यात न थांबता तीन किलोमीटर झाले, माझ्या बॉससकट!

मी तिला शिकवले स्क्वॉट्स. जिमची फी तिला परवडणारी नव्हती, म्हणून रेतीची गोण छातीशी धरून. "गोळा हाताने फेकतात असं वाटतं ना? तो पायांनी फेकतात," हे तिला पटायला पंधरा दिवस लागले. गंमत म्हणजे मुलींचा गोळा ४ किलोचा आणि माझा वॉल बॉलही ४ किलोचाच. फक्त तिचा लोखंडी आणि तळहातात मावणारा, माझा मऊ आणि टम्म फुगलेला.

एकदा तिने विचारलं, "हे जिंकल्यावर नोकरी लागते का?"

"नाही गं."

"मग बक्षीस?"

"मला तर नाहीच मिळणार."

"मग कशाला?"

मी तिला लँडिंगची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने माझी एक चक्कर वाढवली.

मसल खरंच जातात?

आता तो जिममधला फंडा. त्यात थोडं तथ्य आहे बरं का. रॉबर्ट हिक्सन नावाचा अमेरिकन संशोधक स्वतः वजनं उचलायचा. सेंट लुईसला जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत काम करताना तो साहेबांबरोबर रोज पळायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपली ताकद घटतेय. पुढे त्याने यावर रीतसर प्रयोग केला आणि १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन गट, दहा आठवडे. एक गट आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलणारा, दुसरा सहा दिवस दमश्वासाचा व्यायाम करणारा, तिसरा दोन्ही करणारा. तिसऱ्या गटाची ताकद साधारण सात आठवडे छान वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली.

झालं! तेव्हापासून 'पळालात तर ताकद विसरा' ही दहशत बसली. पण नीट बघा, ती मंडळी दोन्ही व्यायाम जवळपास रोज आणि पूर्ण जोर लावून करत होती. आपल्यापैकी कोण आठवड्याला अकरा सेशन्स करतंय, सांगा! नंतरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये घेतला गेला. त्यातून दिसलं, की दोन्ही केल्याने स्नायूंच्या वाढीवर किंवा जास्तीत जास्त ताकदीवर फारसा परिणाम होत नाही. झटक्यात लावायचा जोर मात्र थोडा कमी वाढू शकतो, तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सेशनमध्ये कोंबले तर. म्हणजे पहाटे पळा, संध्याकाळी वजनं उचला, मामला फिट.

आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना काय म्हणतात? प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा. या 'शिवाय'वर आपण सगळे ऑफिसवाले मस्त काट मारतो. कुणी अलीकडची, कुणी पलीकडची.

शिरढोणचे फडके

मार्चमध्ये रविवारची लांब धाव सुरू झाली. मुंबई-गोवा रस्त्याने कर्नाळ्याच्या दिशेने निघालं, की वाटेत शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, आम्ही तिथे नाटकं बघतो, पण तो माणूस कोण हे शाळेनंतर कुणी आठवत नाही.

१८४५ चा जन्म. आणि ऑफिसवाल्यांनो, फडकेही चाकरमानीच होते. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून. आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची शेवटची भेट हुकली, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी जखम. नोकरी सांभाळून ते लहुजी वस्तादांच्या तालमीत घाम गाळायचे. पुढे त्यांनी बंड उभारलं, १८७९ मध्ये पकडले गेले आणि एडनच्या तुरुंगात पोचले. फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथून निसटले. कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते कित्येक मैल पळाले, असं सांगतात. लवकरच पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारीला तिथेच गेले.

मला गावाच्या फाट्यावर पाणी पिताना वाटलं, दार उखडायची ताकद आणि त्यानंतर पळायचा दम, दोन्ही एकाच माणसात लागले. तालमीत कुणी 'आज फक्त छाती, उद्या फक्त पाय' असं टाइमटेबल लावत नव्हतं.

डी-डे

मे २०२५. वडाळ्याला लोकल बदलून गोरेगाव. नेस्कोच्या हॉलमध्ये शिरले तर थेट डिस्कोथेक! ढणढण म्युझिक, लाइट्स, एसी. एप्रिलभर पनवेलच्या चिकट उकाड्यात पळाल्यावर तो एसी म्हणजे स्वर्ग. आसपास सिक्स पॅकवाले, आयटीवाले, साठीच्या एक काकू, मॅचिंग टी-शर्ट घातलेली नवरा-बायकोची जोडी. बाबा आणि भाऊ रेलिंगला टेकून उभे. बाबांच्या हातात वेफर्सचं पाकीट. डॉक्टरांनी मीठ खायला सांगितलंय, हे कारण ते आजही पुरवून वापरतात.

पहिला किलोमीटर मी उगीच जोशात मारला. कानात आवाज, "ताई, पगार!" लगेच वेग कमी केला. स्कीअर्ग ठीक गेलं. मग आली घसरगाडी. १०२ किलो आकडा छोटा वाटतो, पण खाली कार्पेट असतं आणि ते गाडीला धरून ठेवतं. डोकं खाली, हात ताठ, इंच इंच. नव्वद किलोची डेडलिफ्ट इथे उपयोगी पडली. पण त्यानंतरचा किलोमीटर! पाय कुणीतरी बदलून दुसऱ्याचे लावलेत असं वाटत होतं. या स्पर्धेचा सगळा कस इथेच आहे. ताज्या पायांनी कुणीही पळेल. इथे थकल्या पायांनी पळायचं आणि धाप लागलेली असताना वजन उचलायचं.

बर्पी उड्यांमध्ये माझी इज्जत गेली. एक आजी वाटाव्यात अशा बाई मला ओलांडून बेडकासारख्या पुढे निघून गेल्या. रोइंगवर निदान बसायला मिळालं. शेवटी मी पनवेलकर!

आणि मग सहावं स्टेशन. दोन हातांत १६-१६ किलो, २०० मीटर. म्हणजे ३२ किलो. बाबांच्या खुर्चीतला माझा वाटा साधारण एवढाच होता. सहा किलोमीटर पळून झालेले, छाती भात्यासारखी. खाली ठेवायची मुभा असते, बरेच जण ठेवतातही. मी बाबांकडे बघितलं नाही, समोरच्या रेषेकडे बघत चालत राहिले. श्वास जोरात येत होता, पण येत होता. वजनं मी खाली ठेवली ती थेट २०० मीटर झाल्यावरच.

पुढचे लंजेस आणि वॉल बॉल्स कसे झाले ते विचारू नका. शंभरपैकी शेवटचे वीस मी तीन-तीन करून संपवले. वेळ १ तास ५२ मिनिटं. जिंकणाऱ्या मुली तोपर्यंत अंघोळ करून घरी पोचल्या असतील.

"झालं?" बाबांनी विचारलं. "झालं." "चल मग, वडापाव खाऊ."

पॅच

इथे पूर्ण करणाऱ्यांना मेडल नसतं, एक कापडी पॅच मिळतो. मंगळवारी पहाटे तो घेऊन तलावावर गेले.

"कितवा नंबर?" तिने विचारलं.

"मागून बघितलं तर बरा."

ती हसली. पॅच उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हा बॅगेला शिवता येईल." मी तो तिला देऊन टाकला. नको नको म्हणत तिने घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जुन्या सॅकवर तो शिवलेला होता, काळ्या धाग्याने, घट्ट.

त्यानंतर २०२५ मध्येच दिल्लीतही ही स्पर्धा झाली. ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीने 'वेड्यांसाठी' म्हणून व्हिडिओ पाठवला होता, ती आता डबल्ससाठी माझ्या मागे लागलीय. मी तिला एकच अट घातलीय, पहाटे साडेपाचला वडाळे तलाव. ती जुईनगरला राहते, त्यामुळे बोलणी अजून चालू आहेत.

भरतीवाल्या ताईंचं (हो, आता मीही तिला ताई म्हणते) ग्राउंड अजून व्हायचंय. गेल्या रविवारी मैदानात तिने चुन्याच्या वर्तुळात पाय रोवले, गुडघे वाकवले आणि गोळा सोडला. टेप मी धरली होती. पाच मीटर नव्वद.

"दहा सेंटिमीटर," ती म्हणाली, आणि गोळा आणायला पळत गेली.

तुम्हालाही करायचंय? मग हे वाचा

• आठवड्याला तीन दिवस पळणं, दोन दिवस वजनं. एक दिवस पूर्ण आराम, गिल्टी न वाटता.

• एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर मध्ये काही तासांचं अंतर ठेवा. पहाटे पळा, संध्याकाळी जिम.

• बहुतेक धावा गप्पा मारता येतील अशाच वेगाने. अंतर हळूहळू वाढवा, एकदम उडी मारली की नडग्या आणि गुडघे बोंबलतात.

• शेवटच्या दीड महिन्यात 'थकल्या पायांचं पळणं' करा. वीस लंजेस, लगेच ४०० मीटर, परत लंजेस.

• सामान नाही ही सबब चालणार नाही. जुना टायर दोरीने ओढा. वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरला की वीस किलो होतो, दोन हातांत दोन धरून गच्चीवर चाला. मुलींनी चार लिटर कमी भरावा, झाले बरोबर सोळा!

• एकट्याने धास्ती वाटत असेल तर डबल्स आहे. त्यात पळायचं दोघांनी पूर्ण आठ किलोमीटर, व्यायाम वाटून घ्यायचे. चौघांच्या रिलेत प्रत्येकाला फक्त दोन किलोमीटर आणि दोन स्टेशन्स.

• आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर लवकर तापतं. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत आटपा. पाण्याबरोबर मीठ-साखरही घ्या.

• बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल, किंवा घरात तसा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा. पुढची स्पर्धा कुठे पळून जात नाही.